बेंबीभोवती खाज, पुरळ आणि वाहणारी लस: मलम लावण्याआधी काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं

बेंबीभोवती खाज सुटली की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. आधी खोबरेल तेल, मग पावडर, मग कपाटातली उरलेली कुठली तरी ट्यूब. आठवड्याभरात जागा चिघळून लस वाहायला लागली की मेडिकलमधून "खाजेवर काहीतरी द्या" म्हणून आणलेली आणखी एक ट्यूब. त्वचारोगतज्ज्ञापर्यंत पोचेस्तोवर मूळ पुरळ कसं होतं हे सांगता येत नाही, कारण त्याचं रूप पार बदललेलं असतं.

इथे क्रम चुकतो आणि म्हणून सगळंच चुकतं. योग्य क्रम असा: धोक्याचं लक्षण नाही ना ते बघायचं, लावलेलं सगळं थांबवायचं, पुरळ नीट पाहायचं, ओल घालवायची, कारण शोधून दूर करायचं आणि औषध सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम आहे. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

## टप्पा १: घरी थांबायचं नाही अशी लक्षणं

यातलं एक जरी असेल तर पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

- लाली तासातासाने पसरतेय, जागा गरम आणि दुखरी आहे, ताप किंवा थंडी आहे. बॉलपेनने लालीच्या कडेवर रेघ मारा. चार-सहा तासांत लाली रेघेबाहेर गेली तर संसर्ग कातडीखाली पसरतोय.
- बेंबीचा फुगवटा (हर्निया) आधीपासून आहे, पण आता तो टणक झालाय, दाबून आत जात नाही, दुखतोय किंवा उलट्या होतायत. इथे तासही मोलाचे असतात.
- बेंबीतून रक्त, घाण वासाचा पू किंवा लघवीसारखं पाणी येतंय.
- बेंबीत किंवा कडेला न दुखणारी टणक गाठ लागते. पोटातल्या काही कॅन्सरची पहिली खूण कधीकधी इथे दिसते, म्हणून ती तपासल्याशिवाय सोडायची नाही.
- बेंबीच्या पातळीवर एकाच बाजूला आग, ठणका आणि पाण्याच्या फोडांचे घोस आहेत. ही नागीण असू शकते. तिच्या विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.
- गरोदर बाईच्या बेंबीभोवती खाजरं पुरळ किंवा फोड आलेत.
- बाळ एक महिन्याच्या आतलं आहे.

मधुमेह असलेल्यांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी आणि स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दोन दिवसांपेक्षा जास्त घरी प्रयोग करू नयेत.

## टप्पा २: लावलेलं सगळं थांबवा

निदान तीन दिवस बेंबीवर आणि आसपास औषध म्हणून काहीही लावायचं नाही. "काहीही" यात काय काय येतं ते नीट बघा, कारण घरगुती गोष्टी आपण मोजत नाही.

खोबरेल किंवा एरंडेल तेल ओल्या कातडीवर थर धरतं आणि ओल आतच राहते. कापूर घातलेलं तेल आणि बाम खाजेला घटकाभर थंडावा देतात, पण सोललेल्या कातडीला जाळतात. लसणाच्या लेपाने तर भाजल्यासारखे फोड येतात. पोट फुगलं म्हणून बेंबीभोवती लावलेला हिंगाचा लेप हेच पुरळाचं कारण असू शकतं. पाणी न घालता थेट ओतलेलं अँटिसेप्टिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्याने भरून येणाऱ्या कातडीला इजा करतात. निओमायसिन असलेल्या जंतुनाशक मलमाची ॲलर्जी येणारे लोकही कमी नाहीत. जखम बरी करायला लावलेल्या मलमानेच खाज वाढते आणि माणूस आणखी मलम लावत बसतो.

टाल्कम पावडरही बंद. लस आणि पावडर मिळून बेंबीच्या घडीत कणकेसारखे गोळे होतात, ते कडक होऊन कातडी घासतात आणि त्याखाली बुरशीला हवी तशी उबदार ओल मिळते.

इशारा: ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्याच ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिकही असेल तर ते मिश्रण आहे. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून अशा मिश्रणांवर विश्वास बसतो. प्रत्यक्षात स्टिरॉइड लाली दाबतं आणि बुरशी खालून पसरत राहते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातच काय, देशभर गजकर्ण चिवट होत चाललंय, त्यात या ट्यूबांचा वाटा मोठा आहे. अशी ट्यूब काही आठवडे लावली असेल तर बंद केल्यावर लाली एकदम उसळू शकते. घाबरून परत लावू नका. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

## टप्पा ३: नीट बघा

दिवसाच्या उजेडात, आरशासमोर, मोबाइलचा टॉर्च लावून बघा. हात धुऊन दोन बोटांनी बेंबीच्या कडा हलकेच फाकवा. आतला तळ दिसला पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर उताणं झोपून दुसऱ्या माणसाला बघायला सांगा, कारण उभं राहिलं की घडी मिटते आणि जिथे लस आहे तोच भाग दिसत नाही.

एक फोटो लांबून काढा (बेंबी आणि कंबर दोन्ही दिसतील असा) आणि एक जवळून. तारीख लिहून ठेवा. मग या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरवा.

पुरळ नेमकं कुठे आहे? बेंबीच्या खड्ड्यात आहे आणि बाहेरची कातडी स्वच्छ आहे? की बेंबी स्वच्छ आहे आणि तिच्याखाली दोन-तीन बोटांवर नाण्याएवढा चट्टा आहे? की कंबरेभोवती पट्टाच्या पट्टा आहे? या एका प्रश्नाने अर्धं निदान होतं.

कड कशी आहे? गोलाकार, उंचावलेली, खवलं असलेली आणि मधला भाग निवळलेला? की कड अस्पष्ट आणि तिच्याबाहेर सुटे सुटे लाल दाणे?

बाहेर काय येतंय? पाण्यासारखी पिवळसर लस, जी वाळली की बनियनला चिकटते? मधासारखी पिवळी खपली? दह्यासारखा पांढरा थर? दाट पू?

आणखी कुठे आहे? बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा, छातीखालची घडी, जांघा, कानामागे, डोक्यात, कोपरं, नखं. घरातल्या कुणाला खाज आहे का, तेही विचारा. बेंबीपुरतं बघून थांबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

## टप्पा ४: ओल घालवा

लस वाहत असताना कुठलंही मलम टिकत नाही, ते लसेबरोबर वाहून जातं. तेव्हा आधी जागा कोरडी करायची आणि त्यासाठी विचित्र वाटलं तरी ओल्या पट्ट्याच वापरायच्या. पट्टीतलं पाणी उडताना लस शोषली जाते, खपली सुटते आणि जागा थंड पडते.

साहित्य: ५०० मिली उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, सपाट एक लहान चमचा (सुमारे ५ ग्रॅम) साधं मीठ, जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा धुतलेला तुकडा, कोरडा सुती रुमाल.

१. हात साबणाने धुवा. मीठ पाण्यात पूर्ण विरघळवा.

२. कापडाच्या चार-पाच घड्या करून बुडवा आणि पिळा. थेंब गळता कामा नयेत, पण दाबलं तर ओल बोटाला लागली पाहिजे.

३. जागेवर ठेवा. वरून प्लॅस्टिक, जाड टॉवेल किंवा पट्टा बांधू नका. वारा लागला पाहिजे, त्यातच या पट्टीचं काम आहे.

४. पाचेक मिनिटांनी कापड उचलून पुन्हा बुडवून ठेवा. असं एकूण १० ते १५ मिनिटं.

५. सैल झालेली खपली कापडाने हलकी टिपा. चिकटून असलेली ओढू नका, पुढच्या वेळी आपोआप सुटेल.

६. कोरड्या रुमालाने टिपा, चोळू नका. खोल बेंबी असेल तर इअरबड पाण्यात भिजवून तळाशी एकदाच गोल फिरवा, मग कोरडा बड फिरवा. शेवटी पंख्याखाली पाच मिनिटं उघडं ठेवा. हेअर ड्रायर वापरायचा तर गार हवेवरच आणि हातभर अंतरावरून.

हे दिवसातून तीन वेळा, दोन ते तीन दिवस. लस थांबली की पट्ट्याही थांबवा. त्यापुढे चालू ठेवल्या तर कातडी कोरडी पडून भेगाळते आणि खाज नव्याने सुरू होते.

या दिवसांत आंघोळ कोमट पाण्याने, जागेवर साबण नाही. कपडे सैल आणि सुती. परकराची नाडी, जीन्स, बेल्ट, लेगिंग्जचा इलॅस्टिक यांतलं काहीही त्या रेषेवर नको. घरात गाऊन किंवा सैल लुंगी बरी. नखं कापा. झोपेत खाजवणं थांबवता येत नाही, नखं मात्र बोथट करता येतात.

तपासा: तिसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ पांढरं सुती कापड जागेवर पाच मिनिटं ठेवा. डाग पडला नाही तर पुढे जा. पिवळा किंवा हिरवट डाग पडला, वास आला तर घरचे प्रयोग संपले, डॉक्टर गाठा.

पोटॅशियम परमँगनेटचं पाणी बरेच जण विचारतात. ते डॉक्टरांनी सांगितलं आणि प्रमाण मोजून दिलं तरच वापरा. पाणी फिकट गुलाबी हवं. जांभळं दिसलं तर ते कातडी भाजण्याइतकं तीव्र असतं, आणि न विरघळलेला एक खडासुद्धा चटका देतो.

## टप्पा ५: कारण जुळवा

### बटण, बक्कल, पिन, छल्ला

बेंबीचा खड्डा स्वच्छ आणि त्याच्याखाली नाण्याएवढा चट्टा: जीन्सचं बटण पोटाला टेकतं तिथे बोट ठेवून बघा. जागा जुळली तर निकेल या धातूची ॲलर्जी धरून चाला. स्वस्त बक्कल, साडीची पिन, किल्ल्यांचा छल्ला, खोटा कंबरपट्टा आणि बेंबीत टोचलेली रिंग यांतही निकेल असू शकतं. घामाने ते सुटतं आणि कातडीत उतरतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यात त्रास वाढतो. पुरळ धातू लागल्या क्षणी उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठतं. म्हणूनच "काल तर तो बेल्ट घातलाच नव्हता" असं म्हणून खरं कारण निसटतं. वर्षानुवर्षं चाललेली वस्तूही अचानक सोसेनाशी होऊ शकते.

बनियन आत खोचल्याने पुरेसं भागत नाही, घामाने भिजलेल्या कापडातून निकेल पलीकडे जातं. बटणावर नेलपॉलिशचा थर देतात, तो दोन-चार धुण्यांत निघतो. धातूचं बटण काढून प्लॅस्टिकचं लावणं हा खरा उपाय. तोवर बटणाच्या आतल्या बाजूला दुहेरी जाड कापडाची चकती शिवून घ्या. धातू दूर झाल्यावरही चट्टा पूर्ण बसायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरा.

### परकराची नाडी

कंबरेभोवती काळपट, जाडसर, मधूनमधून सोललेला पट्टा, आणि गाठ बसते त्या बाजूला सगळ्यात खोल घाव. नाडीचा काच, घाम, आणि कडक स्टार्चचा परकर असेल तर त्याचं घर्षण, सगळं मिळून हे होतं. गोल वळलेली बारीक नाडी सगळ्यात वाईट. चार-पाच सेंटिमीटर रुंद चपटी पट्टी किंवा रुंद, सैल इलॅस्टिक लावा. गाठीची बाजू रोज बदला. परकर धुतला जातो, पण नाडी आतल्या नेफ्यात साबण आणि घाम धरून राहते, तेव्हा आठवड्याला ती ओढून काढून वेगळी धुवा.

इशारा: नाडीखालचा घाव सहा आठवड्यांत भरला नाही, कडा टणक झाल्या, मांस वर आलं किंवा सहज रक्त येऊ लागलं तर तुकडा काढून तपासणी हवीच. वर्षानुवर्षं काचलेल्या जागी कॅन्सर होतो हे मुंबईच्या डॉक्टरांनी धोतर नेसणाऱ्यांमध्ये १९४५ सालीच नोंदवलं होतं, नंतर साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही तो दिसला. तो क्वचितच होतो. पण घाव "नाडीचाच आहे" म्हणून वर्षभर अंगावर काढलेला असतो, हे फार वाईट वाटतं.

### बुरशी: दोन वेगळ्या, दोन वेगळे उपाय

बेंबीच्या घडीत लालभडक, ओलसर, चरचरणारी जागा, कधी दह्यासारखा थर आणि मुख्य चट्ट्याबाहेर सुटे लाल दाणे: ही कँडिडा. घाम, सुटलेलं पोट, मधुमेह आणि नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स ही तिची आवडती परिस्थिती.

गोलाकार, वाढत जाणारी, खवल्यांची कड आणि मध्ये निवळलेलं: हे गजकर्ण, म्हणजेच नायटा. ते कंबरेच्या पट्ट्यावर आणि जांघेत जास्त असतं. साधारण कोरडंच राहतं, लस येते ती खाजवून किंवा तिखट औषधं लावून. रिंगणात रिंगण दिसत असेल तर बहुधा त्यावर स्टिरॉइड लागलेलं आहे.

गजकर्ण टॉवेल, अंथरूण, एकत्र भिजवलेले कपडे यांतून घरभर फिरतं. घरातल्या एकाचंच केलं आणि बाकीच्यांचं राहिलं की महिन्याभरात परत येतं.

### खरूज

बेंबीभोवती बारीक खाजरे दाणे, रात्री अंथरुणात शिरलं की खाज असह्य. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, पुरुषांत लिंगावर, बायकांत स्तनाग्रांभोवती तसेच दाणे. घरातल्या दुसऱ्या कुणाला खाज असली की शंका जवळपास पक्की. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून खाज नसलेल्यांनाही उपचार लागतो. नेमकं हेच घरोघरी चुकतं.

### बेंबीच्या आतलंच काही

खोल बेंबीत मळ, तेल आणि मेलेली कातडी साठून काळा कडक खडा होतो. तो वर्षं-वर्षं निमूट बसतो आणि एके दिवशी खालची कातडी सोलून घाण वासाची लस येते. तो चिमट्याने उपटू नका. खोबरेल तेलाचे दोन थेंब दोन-तीन रात्री टाकून मऊ करता येतो, पण फक्त कातडी शाबूत असेल तरच. लस असेल तर डॉक्टरांकडूनच काढून घ्या.

अंगावर केस दाट असलेल्या तरुण पुरुषांत बेंबीच्या तळाशी केस रुतून नळीसारखा मार्ग होतो. मलमाने तो बरा होत नाही, केस काढावे लागतात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या टाक्यातून पाणी येऊ लागलं तर साध्या अँटिबायोटिकवर वेळ घालवू नका. तिथे कधीकधी क्षयाच्या जातकुळीतले जंतू असतात, त्यांना वेगळी औषधं आणि बरेच महिने लागतात. पू कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवा असं सर्जनला स्वतःहून सांगा.

### सोरायसिस आणि कोंड्याच्या जातीचा इसब

बेंबीत लाल, चकचकीत, स्पष्ट कडेचा चट्टा, खवलं जवळजवळ नाहीत, मध्ये भेग: सोरायसिस घडीत असा दिसतो. कोपरं, डोकं, नखांवरचे टाचणीएवढे खड्डे आणि ढुंगणाच्या फटीची वरची बाजू बघा. तेलकट पिवळसर खवलं असतील, भुवया आणि कानामागेही असतील, तर तो कोंड्याच्या जातीचा इसब. दोन्हींसाठी तज्ज्ञच हवा.

### गरोदरपण

शेवटच्या महिन्यांत पोटावरच्या ताणाच्या रेषांत उठणारं खाजरं पुरळ बहुतेकदा बेंबी सोडून असतं आणि बाळंतपणानंतर जातं. याउलट पुरळ बेंबीपाशीच सुरू होऊन फोड येऊ लागले तर तो दुर्मीळ पण गंभीर आजार असू शकतो. आणि पुरळ काहीच नाही, पण तळहात-तळपायांना रात्री प्रचंड खाज आहे, तर यकृताची आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी लगेच करून घ्या. त्यात बाळाला धोका असतो.

## टप्पा ६: आता औषध

कँडिडा: क्लोट्रिमाझोल १ टक्का क्रीम, साधं, स्टिरॉइड नसलेलं. सकाळ-संध्याकाळ, जागा पूर्ण कोरडी करून. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढं हाताच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं, तेव्हा बेंबीला वाटाण्याएवढं खूप झालं. जाड थोपलं तर ओल परत कोंडते. दोन ते चार आठवडे लावायचं, दिसायला बरं झाल्यावरही किमान एक आठवडा.

गजकर्ण: तेच साधं क्रीम चट्ट्यावर आणि कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, बाहेरून आत. एखादाच छोटा चट्टा असेल तर हे घरी करता येतं. मोठा असेल, एकाहून जास्त असतील किंवा स्टिरॉइड लागून गेलं असेल तर गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. कोर्स बहुतेकदा महिन्याच्या पुढे जातो. मधेच सोडलेला कोर्स म्हणजे परत पहिल्या दिवसापासून सुरुवात.

खरूज: पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम, मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेचक्यांत आणि बेंबीच्या आतही. रात्री लावून ८ ते १२ तासांनी धुवायचं, मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं. घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री, आणि सात दिवसांनी पुन्हा एकदा. सकाळी चादरी, टॉवेल, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. न धुता येणारं निदान तीन दिवस पिशवीत बंद करून ठेवा. खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. औषध फसलं समजून रोज क्रीम लावत बसलं तर त्यानेच कातडी जळते. तान्ह्या मुलांना आणि गरोदर बायकांना डॉक्टरांना विचारूनच.

कातडी खाजवून चिघळली असेल आणि पू असेल तर आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणून मग खरजेचं औषध, असा क्रम डॉक्टर ठरवतील.

ॲलर्जी: कारण दूर करणं हाच उपचार. सौम्य स्टिरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, पाच-सात दिवस चालतं, पण बुरशी नाही याची डॉक्टरांनी खात्री केल्यावर. रात्रीच्या खाजेला मोठ्या माणसाला सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एक गोळी झोपताना चालते. झोप येते, म्हणून त्यानंतर गाडी चालवू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा गरोदर असाल तर आधी विचारा.

इशारा: एका वेळी एकच औषध. दोन ट्यूब तळहातावर कालवून लावल्या की कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, दोन्ही कळत नाही.

## टप्पा ७: सातव्या दिवसाची तपासणी

पहिल्या दिवसासारखाच फोटो त्याच जागी, त्याच उजेडात काढा आणि शेजारी ठेवून बघा. लाली फिकी आणि कड आत सरकलेली असेल तर तेच पुढे चालू ठेवा. काहीच फरक नसेल किंवा वाढलं असेल तर ट्यूब बदलू नका, डॉक्टर गाठा. सोबत दोन्ही फोटो, आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा (रिकाम्याही), आणि टप्पा ३ मधला कागद घेऊन जा. जाण्याआधी दोन दिवस क्रीम लावू नका, नाहीतर बुरशीची तपासणी खोटी निर्दोष येते. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

कुठल्या तपासण्या होऊ शकतात: कडेवरची खवलं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीसाठी, पू असेल तर कल्चर, ॲलर्जीची शंका असेल तर पॅच टेस्ट. पॅच टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या ४८ तास राहतात, काढल्यावर एकदा आणि पुढे दोन-तीन दिवसांत पुन्हा एकदा वाचतात. त्या काळात पाठ भिजवायची नाही. आंघोळीची ही अडचण आधीच लक्षात घेऊन तारीख घ्या.

आणि रक्तातली साखर. बेंबीतली कँडिडा वर्षातून दुसऱ्यांदा आली असेल तर उपाशीपोटीची साखर तपासल्याशिवाय राहू नका. १२६ किंवा जास्त दोनदा आली तर तो मधुमेह. घडीतलं हे चिवट पुरळ ही त्याची पहिली खूण ठरलेले लोक खूप आहेत.

## तान्ह्या बाळाची बेंबी

इथे नियम एकच: कोरडी ठेवा, काही लावू नका. हळद, राख, तेल, तूप, काजळ, कुंकू, यातलं काहीच नाही. नाळेचा तुकडा बहुतेकदा एक ते दोन आठवड्यांत गळतो, कधी तीन लागतात. तोवर लंगोट किंवा डायपर बेंबीच्या खाली दुमडा, म्हणजे लघवी लागणार नाही आणि वारा लागेल. नाळ ओढू नका, लोंबत असली तरी.

नाळ पडल्यावर चार-पाच दिवस किंचित ओल आणि रक्ताचा ठिपका चालतो. गुलाबी, ओलसर, वाटाण्याएवढा मांसाचा दाणा राहिला आणि लस येत राहिली तर बालरोगतज्ज्ञ तो साध्या उपायाने वाळवतात. पण बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन सुजू लागली, वास आला, बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं किंवा अंग गरम अथवा गार लागलं तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी दवाखाना. या वयात संसर्ग बेंबीतून रक्तात फार लवकर उतरतो.

## बरं झाल्यावर

आंघोळीनंतर बेंबी टिपून कोरडी करणं आणि आठवड्यातून एकदा ओल्या बडने आतला मळ काढणं, एवढं पुरे. रोज साबण घालून कोरायची गरज नाही. अंगाचा टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आणि पावसाळ्यात अर्धवट वाळलेली बनियन, परकर घालण्यापेक्षा इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करून घाला.

पुरळ गेल्यावर तिथे तपकिरी किंवा काळसर डाग राहतो. आपल्या रंगाच्या कातडीवर तो काही महिने टिकतो, मग हळूहळू फिकटतो. खाज नाही, खवलं नाही, हाताला सपाट लागतोय, तर तो आजार नव्हे. त्याच्यावर गोरेपणाची क्रीम लावू नका. तसल्या काही क्रीममध्येही स्टिरॉइड असतं.